तलाव बघून परतलो आणि मग निघालो

संध्याकाळचे सहा. राजघाटाच्या वरच्या अंगाची चहाची टपरी. हजर: निवृत्त उपसंपादक नाना चौधरी, त्यांच्या पत्नी शैलावहिनी, फोटोग्राफर गोटू, दापोऱ्याचा वार्ताहर आणि केळीबागायतदार हेमंत, आणि मी. विषय: बुऱ्हाणपूरहून गाडीनं थेट कुमाऊँ. भीमताल, सातताल, नैनीताल आणि त्यांच्या भोवतालची जंगलं. निर्णय: जायचं.

एवढीच नोंद. बाकी सगळी भानगड!

पत्रकारांच्या टोळक्यात किस्से कसे साचतात, ते सांगतो. बातमीत जे छापता येत नाही ते खिशात राहतं आणि खिसा फुगला की माणूस टपरीवर येऊन तो रिकामा करतो. नगरपालिकेचा गलथानपणा आम्ही आयुष्यभर छापला. बांधकाम खात्याचा छापला. आमचा स्वतःचा मात्र कुणीच छापला नाही. हा सरळ सरळ पक्षपात आहे! म्हणून मीच लिहायला बसलो.

हट्ट वहिनींचा होता. त्यांनी इथल्या मराठी शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. आता दिवाळी झाली की नाना-वहिनी कायमचे पुण्याला, लेकीकडे. घराचं गिऱ्हाईकसुद्धा ठरलेलं.

"पुण्याला गेले की नातवंडं, मग गुडघे, मग सगळे म्हणणार, आता कुठे जातेस या वयात," वहिनी म्हणाल्या. "जायचं तर इथूनच आणि तुमच्याच बरोबर. सूचिपर्णी वृक्षांची जंगलं, असं जन्मभर फळ्यावर लिहिलं. त्यातली एक सुई हातात घेतली नाही."

नानांनी समोरच्या पात्राकडे हात केला. "आणि तलाव कशाला? तापी काय कमी आहे?"

"तापी वाहते हो. तिच्याकडे बघत बसलं की आपलंच कुठेतरी जायचं राहिलंय असं वाटतं. मला थांबलेलं पाणी बघायचंय."

नानांनी गुपचूप चहा संपवला. दुसऱ्यांची वाक्यं कापण्यात हयात गेली त्यांची. त्या वाक्यात कापण्यासारखं काही सापडलं नाही!

* * *

पहिला प्रश्न रस्त्याचा. हेमंतनं मोबाइलवर नकाशा उघडला. निळी रेघ बुऱ्हाणपूरहून निघून खंडवा, भोपाळ, झाशी, आग्रा, बरेली करत हल्द्वानीला पोचली.

"झालं ना भाऊ! नकाशातली बाई बोलत जाते, आपण वळत जायचं."

मी उसळलो. "नकाशा सांगतो म्हणून विश्वास ठेवायचा? खात्री कोण करणार?"

खात्री करायची ती आमच्या पद्धतीनं करायची, असं ठरलं. वाटेत येणाऱ्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी पत्रकार ओळखीचा निघतोच. ज्याच्या त्याच्या गावचा रस्ता ज्याला त्याला विचारायचा. मी आणि नाना फोन घेऊन बसलो.

पहिला म्हणाला, "आमच्याकडून अजिबात येऊ नका. पूल अर्धवट आहे. चार वेळा छापलंय मी!" दुसरा म्हणाला, "बायपासवर दिवे नाहीत. मी आंदोलनाचा इशारा दिलाय." तिसऱ्यानं रस्त्याचं सोडून ठेकेदाराच्या मेव्हण्याची सगळी कुंडली सांगितली. चौथा तर चिडलाच. "रस्ता? कुठला रस्ता? तुम्हाला कुणी सांगितलं इथे रस्ता आहे?"

संध्याकाळी नानांनी सगळी माहिती एकत्र केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "या हिशेबानं उत्तर भारत बंद आहे!"

गोटू हसून हसून बाकावरून घसरला. वहिनी मात्र माझ्याकडे वळल्या. "आणि भाऊ, त्या हल्द्वानीच्या पत्रकारानं फोनवर उलट तुम्हालाच बुऱ्हाणपूरचा रस्ता विचारला होता ना? तुम्ही काय सांगितलंत?"

मी काय सांगितलं ते सोडा. पण तो माणूस इकडे कधी येणार नाही, एवढं नक्की!

* * *

मग हेमंत म्हणाला, "पत्रकारांना विचारून काय होतं भाऊ? ट्रकवाल्यांना विचारू. आपली केळी दिल्लीच्या पुढे जातात."

दापोऱ्याकडे केळी भरायचं काम चालू होतं. एक सरदारजी ड्रायव्हर सावलीत बसून दाढी विंचरत होता. वर्षानुवर्षं या रस्त्यानं जाणारा माणूस. वहिनींनी मोठ्या आशेनं विचारलं, "भाईसाब, नैनीताल की तरफ के जंगल कैसे हैं?"

तो विचारात पडला. "जंगल? बहनजी, उधर तो पार्किंग नहीं है."

"और तालाब?"

"वहाँ तो बिलकुल नहीं है."

मग त्यानं आम्हाला विचारलं, "माल किसका ले जा रहे हो?" आम्ही म्हटलं, माल नाही, नुसतं बघायला चाललोय. तो उभाच राहिला. "खाली गाडी? इतनी दूर? खाली?"

त्याच्या डोळ्यांतली कीव हेमंतला लागली. बरोबरच आहे. दापोऱ्याच्या बागायतदाराची गाडी उत्तरेला रिकामी जाते म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीची सगळ्यांत मागची सीट काढून टाकली आणि केळीच्या हिरव्या घडांची जागा आखून घेतली.

"पिकत पिकत जातील वहिनी. भोपाळला फिकी, आग्र्याला पिवळी, भीमतालला एकदम गोड!"

"आणि मी?" वहिनींनी विचारलं. "मी कुठे बसू? घडावर?"

हेमंतनं गाडीत डोकावून पाहिलं. चेहरा गंभीर केला. "एक घड कमी करतो."

* * *

एवढ्या लांब जायचं म्हणजे सराव हवा, असं नानांचं मत पडलं. म्हणून एका रविवारी खकनारपर्यंत सरावफेरी. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी.

मला आजही वाटतं की त्या दिवशी माझं काहीही चुकलं नाही. रस्त्याच्या कडेला नवीन हातपंप दिसला, त्याला दांडा नव्हता. उतरून विचारायला नको? पुढे शाळेच्या फलकावर आदर्श शाळा असं लिहिलेलं आणि छपरावर बकरी चरत होती. छपरावर, गवत! विचारायला नको? मग एका मोरीचं उद्घाटन झालेलं, पाटी होती, मोरी नव्हती. मी पाटीसमोर उभं राहून सरपंचाला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, मोरी मंजूर आहे." मी म्हटलं, "मंजुरीवरून बैलगाडी नेऊन दाखव!"

खकनारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. न्याहारीचा डबा गाडीतच आंबला. गोटूचे मोरीचे, म्हणजे मोरी नसलेल्या जागेचे, सगळ्या बाजूंनी फोटो काढून झाले होते. सगळ्यांना समोर उभं करून एक ग्रुप फोटोही, आणि तो लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर.

परतताना नाना म्हणाले, "या चालीनं आपण भीमतालला पुढच्या दिवाळीला पोचू."

वहिनींनी गाडी थांबवायला लावली. "एक ठराव मांडते. भाऊंनी गाडीतून उतरताना पेन माझ्याकडे जमा करायचं."

"वहिनी! ही सरळ सरळ मुस्कटदाबी आहे!"

"मतदान घ्या."

मतदान झालं. माझ्या बाजूनं मी एकटा. मी सभात्याग करायला निघालो, तर हेमंत आतून ओरडला, "भाऊ, बसा बरं. इथून बस नाही भेटत!"

* * *

गोटूचा किस्सा सांगितला नाही तर त्याला राग येईल आणि सांगितला तरी येईल.

थंडीचा त्यानं धसका घेतला होता. त्याचं जग म्हणजे इकडे खंडवा, तिकडे भुसावळ. "भाऊ, बॉडी को आदत डालनी पडती है," असं म्हणून त्यानं स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा थाटात राजघाटावर यायला सुरुवात केली. आमच्याकडे ऑक्टोबरात दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. हा घामानं निथळतोय आणि म्हणतोय, "हळूहळू जमतंय!"

पहिल्या दिवशी लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी गोटूला मलेरिया झाल्याचं सिलमपुऱ्यापासून शनवाऱ्यापर्यंत, म्हणजे गावभर, पसरलं. संध्याकाळी तो घरी गेला तर ओट्यावर नातेवाईक बसलेले, हातात सफरचंदांच्या पिशव्या. सासरे तर रावेरहून आले होते.

"मला काही झालं नाही!" गोटू टोपीच्या आतून ओरडला.

सासऱ्यांनी त्याच्या बायकोला बाजूला घेतलं. "तापात असंच बडबडतात. तू घाबरू नकोस."

* * *

आता दुखणारा भाग. तोही सांगितला पाहिजे.

जाण्याचा दिवस ठरला आणि पुढे गेला. माझी कोर्टाची तारीख लागली. एका ठेकेदारानं माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकलाय. अब्रू कुठून आणली, हे त्यानं अजून कोर्टाला सांगितलेलं नाही! पुन्हा दिवस ठरला, हेमंतची केळी कापणीला आली. पुन्हा ठरला, गोटूला कुठल्याशा मंत्र्याचा दौरा लागला. मग नानांची घराच्या कागदांसाठी धावपळ सुरू झाली. दिवाळी जवळ येत चालली.

वहिनी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणात मी तरबेज आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "राहू द्या आता. तुमचीही कामं आहेत." आणि टपरीवर यायच्या बंद झाल्या. घरी पुण्याला न्यायची खोकी बांधायला बसल्या.

टपरी एकदम ओस वाटायला लागली. वातावरण हलकं करायला नानांनी एके दिवशी मोबाइलवर एक बातमी टाइप केली आणि आम्हाला वाचून दाखवली.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. जिल्ह्याचं पान लवकर छपाईला सुटतं. संध्याकाळी उशिरा होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच तयार लागते. पाहुणे यायच्या आधीच त्यांनी मौलिक मार्गदर्शन केलेलं असतं आणि आभारप्रदर्शनसुद्धा उरकलेलं असतं! नाना या कामात उस्ताद. निवृत्तीनंतरही समाजाच्या, मंडळांच्या बातम्या त्यांच्याच मोबाइलवरून पेपरच्या डेस्कला जातात.

तर नानांनी वाचलं: "पत्रकारांची तलाव-यात्रा उत्साहात संपन्न. येथील ज्येष्ठ पत्रकारांचे पथक कुमाऊँचे तलाव आणि अरण्ये पाहून सुखरूप परतले. यात्रेचे नेतृत्व निवृत्त शिक्षिका सौ. शैला चौधरी यांनी केले."

आम्ही खूप हसलो. मग कुणीच हसेना. नानांनी बातमी न पुसताच मोबाइल खिशात टाकला आणि चहा न पिताच घरी गेले.

* * *

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी पेपर उघडला आणि चहा अंगावर सांडला. तीच बातमी! चौकटीत! सोबत खकनारचा ग्रुप फोटो, मोरी नसलेल्या जागेचा. खाली ओळ: "यात्रेदरम्यान पथक."

मी स्कूटर काढून नानांच्या घरी गेलो, तर गल्लीत शिरता येईना. कुणी यात्रेहून परतलं की हार-नारळ घेऊन दाराशी जायचं आणि तिथलं पाणी तीर्थ म्हणून मागून आणायचं, हा आपल्याकडचा रिवाज. आणि बातमीत "यात्रा" छापलेलं! निम्मी गल्ली लोटे घेऊन उभी. शेजारच्या काकू सगळ्यांत पुढे. "वहिनी, थोडं द्या, देवघरात ठेवते. तलावाचं आहे ना?" वहिनींच्या जुन्या विद्यार्थिनी हार घेऊन आलेल्या. कुणीतरी हौसेनं ढोलवाल्याला उठवून आणला होता आणि तो बिचारा झोपेतच वाजवत होता.

आत ओसरीवर नाना डोकं धरून बसले होते. वर्तमानपत्राच्या इतिहासात एवढी खोटी बातमी आपल्या नावानं गेली, असं त्यांचं म्हणणं. गोटू म्हणत होता, "भाऊ, आपण तो मर गये!" हेमंतही दापोऱ्याहून गाडी दामटत आला होता. त्याच्या गावात तर सत्काराची तारीखही ठरली होती.

मी पेटलोच होतो. "आत्ताच्या आत्ता डेस्कला जातो. उद्या पहिल्या पानावर खुलासा! कोण जबाबदार ते बघतोच! आयुष्यभर लोकांकडून खुलासे छापून घेतले मी, आणि आज..."

"भाऊ."

वहिनी खोक्यांच्या मागून उठल्या. पदराला खोक्यांची चिकटपट्टी लागलेली. शांतपणे म्हणाल्या, "खुलासा छापू नका. बातमी खरी करा."

 बाहेर ढोल वाजत होता.

त्या दारात गेल्या. लोकांनी लोटे पुढे केले. वहिनी जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. म्हणाल्या, "पेपरवाल्यांनी जरा घाई केली. परतलो नाही, आत्ता निघतोय. लोटे परत न्या, येताना पाणी आणते."

काकूंनी लोटा मागे घेतला नाही. "मग हाच घेऊन जा ना. तिकडे मिळाला नाही तर?"

दुपारच्या आत आम्ही निघालो. कोर्टाची तारीख मी वकिलावर सोपवली. मंत्र्याचा दौरा गोटूनं पुतण्यावर सोपवला. एका बाजूला काकूंचा लोटा आणि दुसऱ्या बाजूला पिशवीभर मावा जिलेबी, मागे घड, आणि घडांच्या मधोमध वहिनी. ढोलवाला खंडवा रस्त्याच्या नाक्यापर्यंत आला. तोवर त्याची झोप पूर्ण उडाली होती, वाजवतही छान होता!

* * *

केळ्यांनी हेमंतला दगा दिला. बंद गाडीतल्या उबेनं सगळे घड झाशीपर्यंतच एकदम पिकले. गाडीत असा घमघमाट की डोकं गरगरायला लागलं. मग हेमंत वाटत सुटला. पेट्रोल पंपावर, टोलवर, ढाब्यावर, दिसेल त्याला फणी.

आग्र्याच्या अलीकडे पोलिसांनी गाडी तपासायला थांबवली. हेमंतनं काच खाली करून सवयीनं फणी पुढे केली.

हवालदार दोन पावलं मागे सरला. "रिश्वत दे रहे हो?"

माझं रक्तच उसळलं. लाच! मी! आमच्या गाडीतून! मी दार उघडून उतरलो आणि लाचखोरीविरुद्ध मी काय काय लिहिलंय ते सविस्तर सांगायला सुरुवात केली. हवालदार ऐकत राहिला. त्याचा साहेब आला, तोही ऐकत राहिला. मागे गाड्यांची रांग लागली.

शेवटी साहेबांनी नानांना हळूच विचारलं, "ये कब तक बोलेंगे?"

"बरेली तक," नाना म्हणाले.

साहेबांनी गाडी सोडली. केळी मात्र शेवटपर्यंत घेतली नाहीत. हे छापायला पाहिजे!

* * *

भीमताल.

सकाळची वेळ. पाणी हलत नव्हतं. डोंगर जसाच्या तसा पाण्यात उलटा उभा होता. गोटूनं कॅमेरा वर केला आणि खाली घेतला. कुठे उभं राहा म्हणून सांगायला कुणी नेता नव्हता, त्याला सुचेचना.

वहिनी काठच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडाखाली गेल्या. खाली सुयांचा थर पडलेला होता. त्यांनी एक उचलली. बारकाईनं पाहिलं. तीन सुयांचा झुबका होता. त्या आपल्याशीच हसल्या, शाळेत बरोबर शिकवलं होतं म्हणून असेल. मग पाण्याकडे तोंड करून बाकावर बसल्या. नाना शेजारी बसले.  आम्ही त्यांना बोलावलं नाही.

पण माझा स्वभाव! मोबाइलला रेंज आली होती. मी जरा लांब जाऊन डेस्कला फोन लावला.

"ती बातमी कुणी दिली? खात्री केली होती का?"

डेस्कवरचा पोरगा घाबरला. "भाऊ, नानांच्या नंबरवरून आली. फोटोसकट. आदल्या दिवशी दिवेलागणीला. नानांची बातमी आम्ही तपासत नाही."

मी बाकासमोर जाऊन उभा राहिलो आणि उलटतपासणी सुरू केली. हेमंत म्हणाला, "मले काय माहीत? मी तर तुमच्यासोबत राजघाटावर चहा पिऊन राह्यलो होतो." गोटूनं आईची शपथ घेतली. नाना कळवळून म्हणाले, "अरे, मीही तुमच्यासमोरच बसलो होतो. मी कशी पाठवणार?"

राहिल्या वहिनी. मी विचारलं. त्यांनी पाण्यावरची नजर हलवली नाही.

"भाऊ, तुमच्या धंद्यात सोर्स उघड करत नाहीत ना?"

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातला हा बहुधा पहिलाच प्रसंग.

तरी नोंद असावी म्हणून लिहितो. त्या संध्याकाळी नाना, हेमंत, गोटू आणि मी टपरीवर होतो. नानांचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. घरात वहिनी होत्या, खोकी बांधत. दिवेलागणीला तो मोबाइल कुणाच्या हातात होता, याचा खुलासा आजतागायत कुणीही केलेला नाही.